न फिरणारा दोर

१

दोर तुटताना मोठा आवाज होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोर तुटताना कधी ऐकलेलाच नसतो. आधी बारीक आवाज येतात. शेंगदाण्याची सालं बोटांत चुरडावीत तसे. मग एखादा पेड सुटतो. मग सगळं गप्प होतं, बघणाऱ्याला वाटतं टिकला बुवा, आणि तेवढ्यात खेळ खलास.

तोड्या म्हाताऱ्याचे कान या आवाजांत मुरलेले होते. त्याला सगळे तोंडावर तोड्याच म्हणायचे. दोर वळायचं काम त्याच्या धाकट्या बहिणीचं, आणि वळलेला दोर तोडून बघायचं काम याचं. प्रत्येक दोर ती गरजेपेक्षा बराच लांब वळायची, तो जास्तीचा तुकडा हा कापून घ्यायचा आणि वजनं लावून लावून तोडायचा. कितीवर तुटला ते कळलं की बाकीचा दोर गिऱ्हाइकाला. बहीण म्हणायची, "मी जन्माला घालते आणि हा बसलाय मारायला." तोड्या म्हणायचा, "मी मारतो म्हणून माणसं जगतात."

लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये बहिणीचं चाक, तागाच्या वाखाचे, म्हणजे सुट्या तंतूंचे, ढीग, वाख विंचरायच्या खिळ्यांच्या फण्या. शेडच्या टोकाला तोडायची खोली. ती पूर्वी धान्य साठवायची होती, त्यामुळे रुंदीला बेताची आणि उंचीला विहीर उलटी उभी केल्यासारखी. वर जाड तुळई, तुळईला लोखंडी आकडा, आणि बरोबर त्याखाली जमिनीत चौकोनी खड्डा. त्यात लाकडाचा भुसा भरलेला. दोर तुटला की लोखंडी ठोकळे भुशात पडायचे, फरशी वाचायची. खड्डा कमरेएवढा असेल. तोड्याने तो कधी मोजला नव्हता. आपल्या घरातला खड्डा कोण मोजतो?

आणि एक गोष्ट तो कान देणारा कोणीही सापडला की सांगायचा. हाताने वळलेला दोर टांगून ओझं लावलं की तो फिरतोच. पिळून ठेवलेल्या वाखाला मोकळं व्हायचं असतं. ठोकळे आधी सावकाश फिरतात, मग गरगरतात, मग दमून थांबतात आणि उलटे फिरतात. न फिरणारा दोर अजून कोणाच्या हातून झालेला नाही आणि होणारही नाही.

हे तो इतकं ठासून सांगायचा की शेवटी त्याच्या भाचीने तोच दोर मागितला.

२

भाची एका खेळ करणाऱ्या मंडळीत होती. तंबूच्या मधोमध दोर सोडलेला, त्यावर ही सरसर चढायची, पायाला दोराचा वेढा घ्यायची आणि हात सोडून उलटी लटकायची. खाली जाळी नाही. प्लास्टिकच्या दोराने तिचे तळवे आणि पोटऱ्या सोलवटून निघायच्या, म्हणून दोर आईच्या हातचा, तागाचाच.

आजवर खाली एक माणूस दोराचं शेपूट धरून उभा राहायचा. त्याच्या धरण्यामुळे दोर फिरायचा नाही. तो माणूस दुसऱ्या मंडळीत निघून गेला होता. परवाच्या सरावात त्याच्यावाचून लटकल्यावर हिला अशी गरगर आली की डोळ्यांपुढे अंधार झाला आणि वेढा सुटला. सराव होता म्हणून खाली गादी होती. दोन दिवसांनी संध्याकाळी खेळ होता, मोठ्या मैदानात, आणि शेवटचा मानाचा खेळ हिचा. हिने माघार घेतली तर जागा घ्यायला दुसरी मुलगी तयारच बसलेली. आणि माघार न घेता गरगर आली, तर खाली गादी नव्हती.

"मामा, न फिरणारा दोर हवाय."

"न भुंकणारं कुत्रं देऊ का?"

"थट्टा नको रे. आई म्हणते होईल."

"होईल म्हणजे," बहीण चाकावरून मान न वळवता म्हणाली, "पेडांचा पीळ उजवा, दोराचा डावा, आणि दोन्ही एकमेकांना बरोबर अडवतील असे तोलात बसले पाहिजेत. बसले तर होईल."

"तुझी आई लहानपणापासून हेच म्हणते. बसलं तर होईल. तिची भाजीसुद्धा तशीच असते."

"मग गिळू नकोस."

"मी कुठे तक्रार केली? पोरीला माहिती दिली."

भाची हसली, पण तिने हात मागे लपवले होते. तोड्याने ते पुढे ओढून बघितले. परवा निसटताना तळवे सोलले होते. तो बहिणीकडे जाऊन म्हणाला, "चांगला लांब धागा काढ. वरवरचा नको. मी चाक फिरवतो."

तीन पेड शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणले. हा चाक फिरवतोय, ती पाठमोरी चालत वाख सोडतेय, भाची मधे उभी राहून पेड एकमेकांना चिकटू देत नाहीये. दोघं भावंडं जन्मभर भांडली, पण वळताना एकमेकांना काही सांगावं लागत नसे. दोर झाला. हातात घेतल्यावर वेगळाच लागला. जड नाही, गार नाही, नुसता गप्प.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तोड्याने जास्तीचा तुकडा कापून आकड्याला टांगला. एक ठोकळा अडकवला, थांबला, कान दिला. दुसरा अडकवला, थांबला, कान दिला. त्याची पद्धत हीच. घाई करायची नाही, दर वजनानंतर दोराला बोलू द्यायचं.

दोर बोलला नाही. ते ठीक होतं, नवा होता. पण ठोकळे फिरेनात.

तोड्याने डोळे चोळले. अजून ठोकळे लावले. खालचा ठोकळा खड्ड्याच्या तोंडाच्या आत गेला, इतकी माळ झाली. आणि ती सगळी माळ खिळा ठोकल्यासारखी स्थिर! वरच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडात धूळ हलत होती, ठोकळे हलत नव्हते.

म्हाताऱ्याच्या अंगात वारं शिरलं. एक चप्पल पायात, एक तिथेच, असा तो शेडमध्ये धावत सुटला.

"अगं ए! बाई! माझे आई! फिरला नाही!"

"काय फिरला नाही? डोकं?"

"दोर! दोर गं! जरासुद्धा नाही! ठोकळे असे उभे, असे!" त्याने दोन्ही हात अंगाला चिकटवून स्वतःच उभं राहून दाखवलं. बहिणीला हसू फुटलं. तिचेही डोळे चमकले. कोणालाही न जमलेली गोष्ट आपल्या हातून झाली म्हटल्यावर कोणाचे चमकणार नाहीत?

मग तिने विचारलं, "कितीवर तुटला?"

"तोडला नाही."

"का?"

"तोडायचा कशाला? आरसा चांगला आहे का बघायला कोणी फोडतं का?"

"तू आजवर सगळे फोडूनच बघितलेस."

"तेव्हा ते आरसे नव्हते," तोड्या ऐटीत म्हणाला, आणि शीळ घालत परत फिरला. पहिल्यांदाच त्याने दोराचा तुकडा न तोडता काढून कोपऱ्यात ठेवला. न फिरणं हा दोराचा गुण आहे असं तो धरून चालला. दोर तोडण्यात हयात घालवलेल्या माणसाचीच ही चूक. दुसरा कोणी असता तर त्याला ठोकळे फिरायला हवेत हेच ठाऊक नसतं.

४

जेवणं झाल्यावर त्याने अख्खा दोर टांगला. शिडीवरून वर जाऊन आकड्याला पक्का केला आणि खाली सोडला. दोर खोलीपेक्षा लांब होता, त्याचं शेपूट खड्ड्यात गेलं. माणसाच्या उंचीवर एक गाठ मारून त्याने गाठीला ठोकळे अडकवले.

स्थिर.

त्याने ठोकळ्यांना हाताने गिरकी दिली. अर्धा फेरा झाला आणि थांबला. दमून नाही थांबला. दमलेला दोर डुलतो, उलटा येतो. हा जिथे होता तिथेच थांबला. फिरणाऱ्या पोराच्या खांद्यावर कोणी हात ठेवावा तसा.

"वा रे पठ्ठ्या!" तोड्या म्हणाला, आणि आपला आवाज त्याला जरा जास्तच मोठा वाटला.

त्याने पुन्हा गिरकी दिली. या वेळी ठोकळे जागचे हललेच नाहीत.

वाख दमट असेल. दमट ताग ताठरतो. त्याने स्वतःला समजावलं आणि ठोकळे एकेक करून काढले. शेवटचा ठोकळा काढला, तो जमिनीवर ठेवला, कंबर धरून सरळ झाला. ओझं काढलेला दोर सैल पडतो, लोंबतो, वाऱ्याने हलतो. हा ताठ होता. वरच्या आकड्यापासून खाली खड्ड्यापर्यंत एक सरळ रेघ.

तोड्याने तो बोटाने छेडला. दोर घुमला.

सैल दोर घुमत नाही. हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी भीती नंतर आली, आधी आली ती धडधड. जत्रेत हरवलेल्या पोराला लांबून आईचा पदर दिसावा तशी. असलं काही बघायला मिळेल म्हणून तर आपण आयुष्यभर इथे उभे राहिलो, असंच त्याला वाटलं. त्याने दोर मुठीत धरला आणि हळूच वर ओढला. दोर दोन बोटं वर आला. मग दोन बोटं खाली गेला.

कोणी हिसडा दिला नव्हता. हात मिळवताना समोरचा देतो तेवढाच जोर होता.

तोड्या खड्ड्याच्या काठावर ओणवा झाला. शेपूट भुशात शिरलेलं. भुसा नुकताच विंचरल्यासारखा सपाट. "भुशात रुतलंय, बाकी काही नाही," तो म्हणाला. शेपूट आपलं आपण भुशात कसं रुतेल, हे मात्र त्याने स्वतःला विचारलं नाही. काठी घेऊन तो भुशाची खोली बघणार होता. काठी उचललीही. मग त्याला एकदम वाटलं, काठी खाली टेकली नाही तर?

त्याने काठी भिंतीला लावून ठेवली आणि बहिणीला बोलवायला गेला.

५

बहीण फणीवर वाख विंचरत होती. "चल जरा. दोर बघ."

"हात गुंतलेत. बोल की."

"बोलण्यासारखं नाही. बघण्यासारखं आहे."

"सकाळीच तर नाचून दाखवलंस. पोरगी पण तेवढ्यासाठीच आलीय, म्हणाली आधी दोर, मग चहा."

"कोण आलीय?"

"तुझी भाची. मागच्या दाराने गेली आत्ता."

तोड्या असा वळला की फणीवरचा वाख त्याच्या पायात अडकून फरफटत आला.

भाची चढलेलीसुद्धा होती. ती काय, माकडाची जात. खोलीच्या अर्ध्या उंचीवर एका पायाला वेढा घालून ती उलटी लटकत होती, हात पसरलेले, डोळे मिटलेले, वेणी सरळ खाली. जराही फिरत नव्हती. आणि चेहऱ्यावर असा आनंद, की तोड्या दारातच थांबला. तिला इतकं निर्धास्त त्याने ती पाळण्यात असतानाही बघितलं नव्हतं.

"मामा!" पावलांचा आवाज ऐकून ती डोळे न उघडता ओरडली. "जिंकलो आपण! उद्या मैदान बघशील तू!"

"पोरी..."

"आणि कसा धरलायस रे! तो आधीचा धरणारा तुझ्यापुढे कच्चा. जरा सैल कर बघू."

तोड्या दारात होता. दोर त्याच्यापासून लांब, खड्ड्यावर. त्याच्या डोळ्यांदेखत तो खालून जरा सैल झाला.

"हां! आता घट्ट."

दोर घट्ट झाला.

"शाब्बास मामा!"

"पोरी," तोड्या म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला, "डोळे उघड. माझ्याकडे बघ. दाराकडे."

तिने उघडले. तिला मामा उलटा दिसला, दारात, दोन्ही हात रिकामे, वर केलेले. मग तिची नजर दोरावरून सरकत सरकत खड्ड्यापर्यंत गेली. पसरलेले हात हळूहळू मिटले.

"मग कोण?" तिने एवढंच विचारलं.

"वर जा. तुळईवर चढ. खाली येऊ नकोस."

तिने अंग उचललं, दोर हातांनी धरला, पाय सोडवायला गेली. आणि पाय सुटेना. वेढ्याचं हेच असतं. खालचं शेपूट सैल असेल तर वेढा सुटतो, खालून ताण असेल तर आवळतो. खालून ताण होता. वाढत होता. वरची तुळई करकरली.

"मामा, पाय! माझा पाय चिरडतोय!"

६

फणीजवळ वाख तोडायचा कोयता असायचा. तोड्याने तो कधी उचलला आणि खड्ड्यावर कधी पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. म्हाताऱ्या माणसाने इतकं जोरात धावू नये. पण त्या घटकेला तो म्हातारा नव्हताच. अंगातलं रक्त उसळत होतं, आयुष्यात पहिल्यांदा तो दोर तोडणार होता तो कोणीतरी वाचावं म्हणून, लगेच, आत्ता!

त्याने डाव्या हाताने दोर धरला, भाचीच्या पायाच्या बराच खाली, आपल्या छातीशी. मनगटाला एक वळसा घेतला. उजव्या हाताने वळशाच्या वर कोयता चालवला. एक पेड. दुसरा. तिसरा पेड आपणच तुटला, फाडदिशी.

वरचा दोर सुटला आणि भाची फिरायला लागली. अशी गरगरली! ठोकळे फिरतात तशी, आधी एका अंगाने, मग उलटी. वेढा सैल झाला, पाय सुटला, ती दोराला मिठी मारून किंचाळत होती, आणि तोड्या खाली उभा राहून हर्षाने ओरडत होता, "फिरतोय! बघ, फिरतोय गं! चढ आता! चढ, माकडे!"

ती चढली. फिरत फिरत चढली, तुळईवर पालथी पडली, दोन्ही पाय तुळईला आवळून धरले. पोरगी सुटली. उद्या खेळ झाला नाही तर न होवो, पोरगी वर होती आणि जिवंत होती.

तेव्हा कुठे तोड्याने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं.

दोर वळणारी माणसं कापलेलं टोक सोडत नाहीत. सोडलं की पेड उकलतात, केलेलं काम मातीत जातं. म्हणून कापताना मनगटाला वळसा घ्यायचा, ही सवय पोरवयात लागते आणि मग हात तसाच वागतो, विचारत नाही. खालचा दोर त्याच्या मनगटाला होता. कापलेलं टोक उकललं नव्हतं. तिन्ही पेड एकमेकांना घट्ट धरून होते. आणि दोर खड्ड्यात जात होता, ताठ.

वळसा काढायला त्याने कोयता फरशीवर टाकला. कोयता घसरून खड्ड्यात गेला. भुशात पडल्याचा आवाज आला नाही. त्याने वाट बघितली, तरी आला नाही.

"मामा, खाली बघू नकोस," भाची वरून म्हणाली. ती स्वतः बघत होती. तिथून तिला खड्डा सरळ दिसत होता.

तो बघणारच. भुसा मधून खचत चालला होता, वाळूच्या घड्याळातल्यासारखा, आणि खचलेल्या जागी दोराभोवती काहीतरी होतं. बोटंच म्हणावीत. वाखाच्या रंगाची, लांब, आणि पिळलेली. पीळ डावा होता, अगदी तोलात बसलेला. पुन्हा भुसा सरकला आणि ती झाकली गेली.

मग ओढ आली. एकदा, आणि थांबली.

तोड्या फरशीवरून एक पाऊल पुढे गेला.

पुन्हा ओढ, आधीपेक्षा जरा जड. थांबली. खालून काहीच आवाज नाही, पण ती शांतता त्याच्या ओळखीची होती. कोणीतरी कान देत होतं.

"दादा!" बहीण दारातून आली, तिने काही विचारलं नाही, मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि पाय रोवले. "सोड! सोड ना तो!"

"वळसा आहे! सुटत नाही!"

"मग तोड!"

"कशाने?"

ओढ आली. दोघं मिळून सरकली. बहिणीचे पाय फरशीवर घासले. वरून भाचीचं रडणं, "मी येते खाली, मामा, मी येते," आणि तोड्याची शिवी, आजवर तिला कधी न दिलेली, "हललीस तर बघ! तिथेच राहा!" मनगटाचं हाड बारीक कटकटलं, शेंगदाण्याच्या सालांसारखं. दोर मात्र कटकटला नाही. एक धागा उडाला नाही, एक पेड कुरकुरला नाही. तोड्याच्या डोळ्यांसमोर तो हातभर दोर होता, पिवळा, गुळगुळीत, आणि इतक्या जवळून, इतक्या ओझ्याखाली, त्याने असला दोर उभ्या जन्मात बघितला नव्हता.

पुढची ओढ आली तेव्हा त्याची बोटं खड्ड्याच्या काठापलीकडे होती.

"तुटत नाहीये गं!" तो बहिणीला ओरडून म्हणाला. "बघ, अजून तुटत नाहीये!"

हे भीतीने म्हटलं की कौतुकाने, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.